जागेश्वर मिस्त्रींची दोन भिंतींची ढोली

१२ डिसेंबर १९९९ रोजी जागेश्वर रहांगडाले यांनी आमच्या राइस मिलमधून चारशे सदतीस रुपये पन्नास पैसे उचल घेतली. उचल कशासाठी हे लिहावं लागतं, म्हणून मी विचारलं. ते म्हणाले, "लिहा, ढोलीच्या दुसऱ्या भिंतीसाठी."

मी दवनीवाड्याच्या त्या मिलचा मुनीम. बी.कॉम. झाल्यापासून याच खुर्चीवर आहे आणि येत्या मार्चअखेर तिच्यावरून उठणार आहे. इतक्या वर्षांत उचलीची कारणं पुष्कळ ऐकली. लग्न, बाळंतपण, बैल, कोर्ट. ढोलीला दुसरी भिंत हे कारण एकदाच.

आमच्या भागात ढोली कोणाला समजावून सांगावी लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. बांबूच्या तट्ट्याची, माणसाहून थोडी उंच कोठी, आतबाहेर शेणमातीने लिंपलेली. वर्षाचं धान तिच्यात राहतं. वरून भरायची. खाली एक भोक असतं, त्याचा लाकडी डट्टा काढला की धान बाहेर येतं. ती मागच्या खोलीत लपवून ठेवत नाहीत. पुढच्या खोलीत, येणाऱ्याला दिसेल अशी उभी करतात.

पावसाळ्यात ढोलीतलं धान गरम होतं आणि त्याला कीड लागते. लोक कीड लागली की धान उन्हात घालतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा घालतात. जागेश्वर हे आमच्या मिलचे मिस्त्री, आयटीआय झालेले फिटर. त्यांनी मालकांचा चहाचा थर्मास उघडून पाहिला आणि ठरवलं की ढोलीला चार बोटं अंतर सोडून बाहेरून दुसरी भिंत घालायची, मधे नुसती हवा. उंदीर शिरू नयेत म्हणून वरच्या फटीवर पत्रा ठोकला. लिंपून झाल्यावर ढोली आधीसारखीच दिसू लागली, जरा फुगलेली. "ढोलीले दिवस गेले," असं त्यांची बायको सुशिलाबाई शेजारणींना सांगायची.

कीड लागली नाही. दहा वर्षं लागली नाही. हे मी आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात त्या ढोलीची फार बदनामी झाली.

जागेश्वरांचं म्हणणं असं की यंत्र असो, माणूस असो की गाव असो, बिघाड शोधायची रीत एकच. सगळा लोड काढायचा, मग एकेक जोडत जायचं. जे जोडल्यावर खडखड सुरू होते, बिघाड त्यात. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. "दोन नट एकदम फिरवले, तं मशीन सुधरली तरी तुमाले कळत नाई कोणत्या नटानं सुधरली."

ही रीत त्यांनी मिलबाहेर पहिल्यांदा भजनी मंडळावर वापरली. मंडळ बेसूर गात असे, पण कोण बेसूर हे कळत नव्हतं. जागेश्वरांनी एकेक गायक गप्प करत नेला. शेवटी सूर लागला तेव्हा मंडळात फक्त पेटीवाला उरला होता. निदान अचूक होतं. मंडळ सहा महिने बंद पडलं.

त्यानंतर सुशिलाबाईंचं पोट. त्यांना जेवल्यावर जळजळ होई. जागेश्वरांनी सगळं बंद करून त्यांना नुसत्या पेजेवर ठेवलं आणि दर तिसऱ्या दिवशी एक पदार्थ जोडायचं ठरवलं. आधी मीठ, मग हळद. तिखटाची पाळी यायच्या आत सुशिलाबाई माहेरी निघून गेल्या आणि तिथं पहिल्याच दिवशी मटणाचा रस्सा खाऊन ठणठणीत झाल्या. मी जागेश्वरांचं अभिनंदन केलं, तर ते खट्टू होते.

"बरी झाली हो, मुनीमजी. पण जागा बी बदलली अन् खाणं बी बदललं. आता कसं कळणार?"

असा हा माणूस. आता त्यांच्या मुलाची गोष्ट.

मोनू त्यांचा एकुलता एक. बारावी झालेला, गोंदियात मोटारपंपाच्या दुकानात नोकरीला, रोज बसने जाऊन-येऊन. निर्व्यसनी, आणि बोलायला इतका कंजूष की दुकानाचा मालक म्हणायचा, "मोनूभाई, बात करने का पैसा नहीं लगता." आमच्याकडे रीत अशी की आधी मुलगा मुलीकडे जातो. पसंती झाली की मुलीकडचे 'घर पाहायला' येतात. मोनूला २००८ साली दोन ठिकाणी पसंत केलं. दोन्हीकडचे घर पाहायला आले, खाणं झालं, हसून बोलले, आणि नंतर निरोप आला नाही. का आला नाही, हे विचारायची पद्धत नाही. सांगायची तर नाहीच.

जागेश्वरांनी हा प्रश्न मिलच्या धान वर चढवणाऱ्या एलिव्हेटरसारखा हातात घेतला. पट्टा घसरतो तेव्हा आधी बिघाड कुठे नाही ते पाहायचं.

"पोट्ट्यात नाई," ते मला म्हणाले. "पोट्ट्याले पाहूनच तं ते लोक घर पाहाले येतात. म्हणजे बिघाड घरात आहे."

"घरात काय आहे?"

"मी आहो, सुशिला आहे, बकरी आहे, पोहे आहेत. एकेक काढून पाहू."

दुसऱ्या पाहुण्यांच्या वेळी त्यांनी फक्त पोहे बदलून उपमा केला होता. तो निष्फळ गेला. जानेवारी २००९ मध्ये तिसरे पाहुणे यायचे होते. या वेळी बकरी शेजारी बांधली, बाकी सगळं तेच. शिवाय मोजमाप घ्यायची व्यवस्था केली. पाहुणे घरात खरं बोलत नाहीत, बसस्टँडवर बोलतात. म्हणून सुशिलाबाईंचा चुलतभाऊ कवडू, जो मिलच्या काट्यावर असतो, त्याला आधीच बसस्टँडवर नेऊन बसवलं. त्याने फक्त ऐकायचं होतं.

पाहुणे गेले. कवडू संध्याकाळी उशिरा परत आला, खुशीत.

"काय म्हणत होते?" जागेश्वरांनी विचारलं.

"मानसं लय चांगली आहेत, भाऊजी. बस नाई आली, तं बिड्या ओढल्या आमी."

"घराबद्दल काय म्हणत होते?"

"घराचं नाई काढलं त्याईनं. म्हणे, पोट्टीसाठी दुसरं स्थळ सांगा एखादं."

"मंग?"

"मंग मी माझा भाचा सांगितला."

सुशिलाबाईंनी कवडूला चहा दिला नाही. त्या मुलीचं लग्न कवडूच्या भाच्याशी चैत्रात झालं, आणि कवडूला त्यात मामा म्हणून फेटा मिळाला. तो फेटा बांधून तो मिलमध्ये काट्यावर बसला, तेव्हा जागेश्वर मला म्हणाले, "मापाचं यंत्रच माल खाऊन गेलं."

एप्रिलमध्ये देवरीकडचं स्थळ आलं. मुलीचं नाव दीप्ती, शिवणकाम करणारी, चार माणसांत मोकळी बोलणारी. मोनू तिला पाहून आला आणि आईला म्हणाला, "हे झालं तं झालं. नाई झालं तं मी आता कोणाकडे जात नाई पाहाले." मोनूचं हे त्या वर्षातलं सगळ्यात लांब बोलणं होतं. सुशिलाबाईंनी ते नवऱ्याला सांगितलं आणि वर म्हणाल्या, "या डाव तुमचा नट चुकला, तं मी पुन्हा माहेरी जातो. अन् तिकडूनच येत नाई."

पाहुणे पुढच्या रविवारी येणार होते. जागेश्वरांनी मला घरी बोलावलं. "नवी मशीन बसवली की आपण आधी रिकामी चालवून पाहतो ना, तसं करायचं आहे. तुमी पोट्टीचा बाप व्हा. तुमची इस्तरी चांगली राहते."

मी मुलीचा बाप झालो. कवडू मुलीचा काका झाला, कारण त्याला खायला बोलवावंच लागतं. मुलीची आजी म्हणून जागेश्वरांची सख्खी आत्या निर्मलाबाई आल्या. वय पंचाहत्तरच्या पुढे, दात चार, पण शब्द सगळे शाबूत.

आम्ही अंगणातून आत आलो, पाय धुतले, खाटेवर बसलो. मी सुरुवात केली.

"मुलाचं शिक्षण किती?"

"मुनीमजी, तुमाले मालूम आहे ना," मोनू म्हणाला.

"मला मालूम आहे. मुलीच्या बापाला नाही. सांग."

"बारावी."

"पास?"

तो उठून पाणी आणायला गेला. निर्मलाबाई त्याच्या पाठीकडे पाहत म्हणाल्या, "हा पोट्टा इतका काऊन वाळला? घरी खायले देत नाई काय याले?"

"आत्याबाई, तुमच्यासमोरच वाढला ना तो," सुशिलाबाई म्हणाल्या.

"मी आता देवरीची आहो. मी याले आजच पाहून राहिली. अन् चहात साखर कमी आहे. देवरीचे लोक गोड पेतात."

खाणं झालं. निर्मलाबाई हात धुवायला उठल्या, मोरीवर जाऊन आल्या, खाटेवर बसल्या, पदराने तोंड पुसलं. जागेश्वर समोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "सांगा आता. पसंती की नापसंती. खरं सांगा."

कवडू दोन बशा खाऊन म्हणाला, "आमची तं पसंती आहे." मीही पसंती दिली.

"मी नाई देत पोट्टी," निर्मलाबाई म्हणाल्या.

"काऊन?"

"घरात धान नाई."

जागेश्वर हसले. "आत्या, ढोली गळ्यापर्यंत भरून आहे."

"मंग वाजते कायले?"

निर्मलाबाई उठल्या, ढोलीजवळ गेल्या आणि बोटाचं पेर वाकवून दोनदा ठोकलं. ढब, ढब. मांडवातला ढोलही इतका मोकळा वाजत नाही.

आता ही गोष्ट आमच्याकडे कोण जाणत नाही? घर पाहायला आलेला म्हातारा किंवा म्हातारी हात धुऊन येताना ढोलीला सहज पेर लावते. भरली असेल तर थड वाजते, रिकामी असेल तर ढब. त्यावर कोणी काही बोलत नाही, ठोकल्याचं पाहिलं असंही कोणी दाखवत नाही. त्या पेरावर घर कळतं. जागेश्वरांनी स्वतः देवरीला जाऊन मुलीच्या घरची ढोली वाजवली होती. "थड वाजली होती," ते म्हणाले. पण स्वतःच्या घरची ढोली कोण वाजवतो? तिच्यात काय आहे हे माहीत असतं.

म्हणजे तिन्ही घरचे लोक ढोली वाजवून गेले होते, आणि आतलं सगळं धान बाहेरच्या भिंतीमागच्या चार बोटं हवेने रिकामं करून टाकलं होतं.

"सांगून द्या ना पाहुण्याइले, भरून आहे म्हणून," कवडू म्हणाला.

"भरल्या ढोलीवाला कधी सांगत बसते काय?" निर्मलाबाई म्हणाल्या. हे मला पटलं. मालमत्ता जितकी तोंडाने सांगावी तितकी कमी वाटते.

"मंग वरून झाकण उघडं ठेवा. धान दिसन," कवडूनेच पुन्हा सुचवलं.

"वर दोन टोपले धान अन् खाली भुसा. हे बी करून झालं आहे गावात. नाव घेत नाई कोणाचं." असं म्हणून निर्मलाबाई कवडूकडेच पाहत राहिल्या.

"तोडा ती भिंत," सुशिलाबाई म्हणाल्या.

"भिंत बरोबर आहे," जागेश्वर म्हणाले. "चूक वाजवणाऱ्याची आहे."

"मंग पोट्ट्याचं लग्न भिंतीशीच लावता काय?"

शेवटी मधला मार्ग निघाला. लोक जिथं ठोकतात तेवढ्याच जागी मधल्या हवेत ओली माती भरायची. पण लोक ठोकतात कुठे? जागेश्वरांनी चार दिवस येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या पेराला खडू फासला आणि ढोली वाजवायला लावली. हमाल, पोस्टमन, शाळेतून येणाऱ्या बाया, कोणी सुटलं नाही. ढोलीवर पांढऱ्या ठिपक्यांचा एक ढग तयार झाला, छातीच्या उंचीवर दाट, वरखाली विरळ. दाट भागामागे माती भरली. आता तिथं थड वाजत होतं. एवढं थड की खरी भरलेली ढोलीही लाजावी.

"शंभरातले नव्वद इथंच ठोकतात," जागेश्वर म्हणाले.

"आणि दहा?" मी विचारलं.

"त्याईसाठी माणसं उभी करू."

रविवारी देवरीचे पाहुणे आले. दीप्तीचे वडील, तिचे काका, आणि आजोबा मनिराम बिसेन. आजोबांना पाहताच जागेश्वरांचा चेहरा उतरला. म्हातारा कमरेत वाकलेला, काठी टेकत चालणारा. त्याचं पेर छातीच्या उंचीला पोचणंच शक्य नव्हतं. ते गुडघ्याच्या थोडं वर, ढगाच्या पार खाली लागणार होतं.

जागेश्वरांनी डोळ्याने खूण केली. सुशिलाबाई सूप घेऊन ढोलीच्या पुढ्यातच तांदूळ पाखडायला बसल्या. कवडू डाव्या अंगाला भिंतीसारखा उभा राहिला. उजव्या अंगाला खुर्ची टाकून मला बसवलं. मोनू दारात.

बोलणं चांगलं चाललं. दीप्तीचे वडील पंपाबद्दल विचारत होते, काका बकरीबद्दल. मग आजोबा हात धुवायला उठले, मोरीवर गेले, आणि परत येताना ढोलीपाशी थांबले.

"सरकता काय बाई थोडं?"

"बाबाजी, पाय भरून आले माझे," सुशिलाबाई पाखडत म्हणाल्या. सुपातले तांदूळ केव्हाच स्वच्छ झाले होते.

म्हातारा डावीकडे वळला. "तू कोण गा?"

"मी मामा."

"मामा उभा काऊन?"

"बसलो तं झोप येते."

म्हातारा उजवीकडे आला आणि काठीवर भार देऊन माझ्यासमोर उभा राहिला. वडीलधारा माणूस उभा असताना बसून राहणं मला जमत नाही. मी उठलो आणि म्हणालो, "बसा ना." खुर्ची मी त्यांच्यासाठी पुढे सरकवली. मागे ढोली मोकळी झाली. आजोबांनी वाकूनच पेर लावलं.

ढब.

दीप्तीच्या वडिलांनी कपात पाहिलं. काकांनी बकरीकडे पाहिलं. जागेश्वर जमिनीकडे पाहत होते. कोणी काही ऐकलं नव्हतं, जसं नेहमी कोणी ऐकत नाही. आजोबा काठी सावरून दाराकडे वळले. आता पाच मिनिटांत "येतो मग" म्हणून पाहुणे उठणार, आणि निरोप यायचा नाही, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं.

दारात मोनू उभा होता. तो बाजूला झाला नाही.

"बाबाजी, पोकळ वाजते ना?"

असं कोणी कधी विचारलेलं नव्हतं. म्हातारा थबकला. "हो," तो म्हणाला.

"आमच्या बाबानं तिले दोन भिंती घातल्या आहेत. मधात हवा आहे. हवा वाजते, धान नाई वाजत. हे पाहुण्याइले सांगता येत नाई, म्हणून आईचे पाय भरले अन् मामाले झोप येते. मुनीमजी आमच्या घरचे नाईत, पण त्याईले बी बसवलं होतं. तुमी डट्टा काढून पाहा. मंग जा."

जागेश्वरांनी डोळे मिटले. आजोबांनी मोनूकडे पाहिलं, मग ढोलीकडे. सुशिलाबाईंचे पाय अचानक बरे झाले आणि त्या बाजूला सरकल्या. म्हाताऱ्याने काठीची मूठ डट्ट्यात अडकवली आणि ओढली.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. शेवटचं धान कोपऱ्यात अडकू नये म्हणून जागेश्वरांनी ढोलीच्या आत तळाला उतारही दिलेला होता. डट्टा सुटला तो थेट खाटेखाली गेला, आणि धान नदीसारखं आलं. आधी म्हाताऱ्याच्या पावलांवर, मग घोट्यांवर.

"बाबाजी, सरका," जागेश्वर म्हणाले.

"येऊ दे."

"खरंच भरून आहे, बाबाजी."

"मी नाई म्हणलो काय? येऊ दे."

दीप्तीचे वडील, इस्तरीच्या पँटमध्ये, खाटेखाली शिरून डट्टा शोधू लागले. काकांनी सूप उचललं. कवडूने डोक्यावरचा फेटा काढून भोकात कोंबला. तो फेटाही धानाबरोबर बाहेर आला. मी दोन्ही हातांनी धान मागे ढकलत होतो, ज्याचा काहीही उपयोग नव्हता. अंगणातली बकरी दोर तोडून आली आणि मधोमध उभी राहून खाऊ लागली. तिला हाकलायला कोणाचा हात रिकामा नव्हता.

आजोबांनी वाकून एक दाणा उचलला, दाताखाली फोडला. "कीड?"

"दहा वर्षं नाई," जागेश्वर म्हणाले.

"किती अंतर सोडलं मधात?"

"चार बोटं."

"कोणाची बोटं?"

जागेश्वरांनी हात पुढे केला. म्हाताऱ्याने त्या हाताला आपला हात लावून पाहिला. खाटेखालून दीप्तीचे वडील डट्टा घेऊन निघाले, डोक्याला कोळ्याचं जाळं. त्यांनी तो भोकात दाबून बसवला आणि तिथंच धानावर बसकण मारली.

"काय ठरवायचं, बाबा?" त्यांनी विचारलं.

"आधी माझे पाय काढा यातून."

पाय काढले. आजोबा खाटेवर बसले आणि धोतरातलं धान झटकू लागले. मोनू समोर उभा होता आणि आता पुन्हा काही बोलत नव्हता.

"मंग, बाबा?"

"मंग काय. लोकाच्या घरात इतकं धान सांडून नाई म्हणता येते काय?"

लग्न मे महिन्यात झालं. पावसाळ्यापूर्वी जागेश्वर देवरीला जाऊन व्याह्यांच्या ढोलीला दुसरी भिंत घालून आले, आजोबांनी स्वतः चार बोटं मोजून दिली. त्यानंतर तिकडच्या आणि आमच्याकडच्या बऱ्याच घरांनी तसंच केलं. आता या भागात ढोली वाजवून काही कळत नाही. सगळ्याच ढब वाजतात. २०१२ च्या हंगामात मी पाहिलं, घर पाहायला आलेला एक म्हातारा हात धुऊन आला, ढोलीजवळ गेला, पेर लावण्याऐवजी डट्ट्याकडे बोट दाखवून म्हणाला, "काढता काय जरा?" आणि यजमानीण आधीच खाली टोपली धरून उभी होती.

दीप्तीने शिवणयंत्र पुढच्या खोलीत, ढोलीशेजारी लावलं आहे. ते अडकलं की जागेश्वर सगळा धागा काढून एकेक भाग जोडत बसतात आणि ती मोनूला हाक मारते. मोनू तेल घालतो आणि यंत्र चालू होतं. त्यावर सासऱ्या-सुनेचा वाद अजून मिटलेला नाही.

लग्नाच्या दिवशी मांडवातल्या जनरेटरचं डिझेल संपलं, तेव्हा मी जागेश्वरांना खिशातून साठ रुपये दिले होते. ते अजून यायचे आहेत.